लत्तलूरपुरवराधीश्वर

सौंदत्तीच्या रट्ट राजांचे शिलालेख वाचताना आधी देवाला नमन येते, मग सार्वभौम राजाचा जयजयकार येतो आणि त्यानंतर खुद्द रट्टांची पाळी येते. त्यांच्या बिरुदांच्या रांगेत अगदी पुढे, मानाच्या जागी, एक बिरुद असते: लत्तलूरपुरवराधीश्वर. नगरांत श्रेष्ठ अशा लत्तलूरचा अधिपती. हे लत्तलूर म्हणजेच आपले लातूर, हे मत बहुतेक अभ्यासकांनी स्वीकारले आहे. सौंदत्ती बेळगाव जिल्ह्यात, मलप्रभेच्या खोऱ्यात. लातूर तिथून शेकडो किलोमीटर उत्तरेला, मांजरेच्या खोऱ्यात. सौंदत्तीच्या रट्टांनी लातूरवर राज्य केले नाही. तरीही सुमारे अडीचशे वर्षे हे घराणे पिढ्यानपिढ्या स्वतःला लातूरचे धनी म्हणवत राहिले.

इतिहासकार अशा बिरुदांकडे पुरावा म्हणून पाहतात. कोण कोणाचा मांडलिक होता, कोणते घराणे कुठून आले, एवढे काढून घेतले की त्यांचे काम होते. ते योग्यच आहे. पण बिरुद ही रचनाही आहे. कोणा पंडिताने ती जुळवली, भाटाने दरबारात मोठ्याने म्हटली, पाथरवटाने दगडावर उतरवली आणि मुलाने बापाकडून जशीच्या तशी घेतली. इतक्या लोकांच्या तोंडून आणि हातांखालून गेलेली रचना रसिकतेने वाचायलाच हवी. निदान लातूर-नांदेडच्या माणसाने तरी.

आधी तिचा नाद ऐकू. बिरुद अकरा अक्षरांचे आहे आणि त्याचे चार तुकडे पडतात: लत्तलूर, पुर, वर, अधीश्वर. चारही तुकडे 'र'वर संपतात. गावाच्या नावातच तो 'र' आहे, मग पुर त्याला साथ देते, वर ती पुढे नेते आणि अधीश्वर तिथे मुक्काम करतो. लयही पाहण्यासारखी आहे. 'लत्तलू' म्हणताना जीभ जोडाक्षरावर आणि दीर्घ ऊकारावर रेंगाळते. लगेच 'र-पु-र-व' ही चार लघू अक्षरे भराभर निघून जातात. आणि 'राधी' या दोन गुरू अक्षरांवर आवाज पुन्हा भरून येतो. हे बिरुद डोळ्यांनी वाचण्याआधी कानांनी ऐकण्यासाठी घडवलेले आहे. राजा सभेत येताना ते पुकारले जाई, त्यामुळे शेवटचे अक्षर दालनाच्या टोकापर्यंत पोचणे गरजेचे होते. ज्याने ही जुळणी केली त्याला सभेचे भान होते.

आता 'वर' हा तुकडा. वर म्हणजे श्रेष्ठ. लत्तलूर हे श्रेष्ठ नगर, असे बिरुद ठासून सांगते आणि पुढे एक अवाक्षरही काढत नाही. त्या नगराला वेस किती, बाजार केवढा, देव कोणता, नदी कुठून वाहते, यातले काहीच नाही. शिलालेखांच्या भाषेत वर्णनाची टंचाई नसते. राजधानीचे, दान दिलेल्या गावाचे, बागा-तळ्यांचे वर्णन करायला पंडित हात आखडत नाहीत. लत्तलूरच्या वाट्याला मात्र फक्त विशेषण येते. कारण ही ओळ लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते गाव पाहिलेले नसावे. त्यांना ते माहीत होते ते नावाने, आणि नावाला श्रेष्ठत्व द्यायला डोळ्यांनी पाहावे लागत नाही.

याची रीत मराठी माणसाला समजावून सांगायला नको. चार पिढ्या पुण्यात काढलेले कुटुंब औसेकर म्हणूनच ओळखले जाते. हैदराबादेत जन्मलेला मुलगाही कंधारकर असतो. गावात जमीन उरलेली नसते, घर पडलेले असते, तरी आडनाव गाव सोडत नाही. रट्टांचे बिरुद याच जातीचे आहे, फक्त त्याच्या अंगावर राजवस्त्रे आहेत. अनंत सदाशिव आळतेकरांनी 1934 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रकूटांवरील ग्रंथात या बिरुदाचा अर्थ असाच लावला: ते सत्तेचे ठिकाण सांगत नाही, घराण्याचे मूळ सांगते.

हे मूळ रट्टांचे एकट्याचे नव्हते. बिरुदाचे पहिले मोठे धनी मान्यखेटचे राष्ट्रकूट. दंतिदुर्गाने आठव्या शतकाच्या मध्यावर बदामीच्या चालुक्यांना नमवून हे साम्राज्य उभे केले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सामानगडावर सापडलेला त्याचा ताम्रपट शके 675चा आहे. पुढे कृष्ण पहिल्याच्या काळात वेरूळचे कैलास लेणे खोदले गेले, ध्रुव आणि गोविंद तिसरा यांनी उत्तरेत धडक मारली. लत्तलूरचे नाव ठळकपणे पुढे येते ते अमोघवर्षाच्या काळात, 866 सालच्या शिरूर आणि नीलगुंद इथल्या लेखांत. म्हणजे घराणे सम्राटपदाला पोचून शतक उलटून गेले होते. राजधानी मान्यखेट, आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड, नांदती होती. अरब प्रवासी या राजांना 'बल्हरा' म्हणत आणि जगातल्या थोर राजांत त्यांची गणना करत. अशा ऐन भराच्या काळात त्यांनी आपल्या नावामागे मान्यखेटऐवजी लत्तलूर लावले. जिंकलेले नगर मिरवण्यापेक्षा जिथून निघालो ते नगर सांगावे, हे त्यांना अधिक मोलाचे वाटले. या बिरुदातली मला सर्वांत भावणारी गोष्ट हीच आहे. ते गरिबीत जन्मलेले नाही, वैभवात जन्मलेले आहे. आणि वैभवात मूळ आठवणे हे राजाला शोभणारे वागणे आहे.

मग वैभव गेले. 972 साली माळव्याच्या सीयक परमाराने मान्यखेट लुटले. पुढच्याच वर्षी तैलप दुसऱ्याने कर्क दुसऱ्याचा पराभव केला आणि कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य सुरू झाले. कृष्ण तिसऱ्याचा नातू इंद्र चौथा याला पुन्हा गादीवर बसवण्याची धडपड गंग राजा मारसिंहाने केली, पण ती फळाला आली नाही. 982 साली इंद्राने श्रवणबेळगोळ इथे सल्लेखना घेऊन देह ठेवला. त्याच्या स्मरणार्थ कोरलेला लेख तिथे आहे. त्यात त्याच्या चेंडूच्या खेळातल्या कौशल्याची वर्णनेच्या वर्णने आहेत. साम्राज्य हरवलेल्या राजाच्या लेखात युद्धापेक्षा खेळाला जागा मिळाली आहे. 'रट्टकंदर्प' हे बिरुदही त्याच्या नावापुढे आहे. सम्राटांची ही शाखा तिथे थांबली.

वंश थांबला की बिरुदही थांबायला हवे, असे आपल्याला वाटते. पण नेमके त्याच सुमारास सौंदत्तीत रट्टांचे घराणे चालुक्यांचे मांडलिक म्हणून स्थिरावत होते. आपण राष्ट्रकूट कृष्णराजाच्या वंशातले, असे ते सांगत. हे नाते रक्ताचे होते की मानलेले, याचा निवाडा वंशावळी पाहणाऱ्यांनी करावा. रसग्रहण करणाऱ्याला महत्त्वाचे आहे ते हे, की त्यांनी बिरुद उचलले आणि त्याला नवी जागा दिली. ही नवी जागा पाहिल्याशिवाय बिरुदाचा खरा रस कळत नाही.

मांडलिकाच्या लेखाची मांडणी ठरलेली असते. आधी सम्राटाची साखळी: समस्तभुवनाश्रय, श्रीपृथ्वीवल्लभ, महाराजाधिराज, परमेश्वर, परमभट्टारक. मग एक जोडशब्द: तत्पादपद्मोपजीवी, त्याच्या चरणकमळांवर जगणारा. मग मांडलिकाचा दर्जा: समधिगतपंचमहाशब्द, महामंडलेश्वर. शृंग, शंख, भेरी, जयघंटा आणि तम्मट या पाच वाद्यांच्या गजराचा मान ज्याला वरून मिळाला आहे असा. इथवरचा प्रत्येक शब्द परावलंबी आहे. सम्राट आहे म्हणून चरण आहेत, त्याने दिला म्हणून गजर आहे, त्याने नेमले म्हणून मंडल आहे. आणि इथेच, एका श्वासात, लत्तलूरपुरवराधीश्वर येतो. हे मात्र कोणी दिलेले नाही. त्याच्यामागोमाग त्रिवळी नावाच्या वाद्याचा घोष, सिंदूराचे लांछन आणि सोन्याच्या गरुडाचा ध्वज येतात, आणि गरुड तर राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांच्या मुद्रांवरचा! एकाच वाक्यात माणूस मान तुकवतो आणि त्याच वाक्यात ती वर उचलतो. अभिजात गद्यातही इतका नाट्यपूर्ण वळसा इतक्या कमी जागेत क्वचित सापडतो.

त्या साखळीतले 'श्रीपृथ्वीवल्लभ' हे बिरुद लत्तलूरशेजारी ठेवून पाहावे. ते मुळात बदामीच्या चालुक्यांचे. दंतिदुर्गाने त्यांचा पराभव केला आणि राज्याबरोबर ते बिरुदही घेतले. अरबांचा बल्हरा हा त्यातल्या वल्लभाचाच अवतार. दोन शतकांनी तैलपाने राष्ट्रकूटांना हरवून ते परत घेतले. आणखी दोन शतकांनी भिल्लम यादवाने कल्याणीची सत्ता मोडली आणि यादवांच्या लेखांतही पृथ्वीवल्लभ झळकू लागला. म्हणजे हे बिरुद सिंहासनाला बांधलेले होते. जो सिंहासनावर, त्याचे ते. लत्तलूरचे तसे नव्हते. तैलपाने राष्ट्रकूटांचे सगळे घेतले, लातूरची जमीनसुद्धा घेतली, पण 'लत्तलूरपुरवराधीश्वर' घेतले नाही. ते घेऊन त्याला काही उपयोगच नव्हता, कारण त्याचे घराणे तिथून निघालेले नव्हते. लातूरच्या पापविनाशक मंदिरात कल्याणीच्या भूलोकमल्ल सोमेश्वर तिसऱ्याच्या काळचा शिलालेख आहे. बाराव्या शतकात लातूरचा खरा अधिपती हा सोमेश्वर होता. त्याच काळात त्याचा एक मांडलिक दक्षिणेत बसून स्वतःला लातूरचा अधिपती म्हणवत होता, आणि सम्राटाला त्यात बंडाळी दिसत नव्हती. सत्ता आणि मूळ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, याची जाण त्या काळच्या दोन्ही बाजूंना होती.

वारशाची बिरुदे दोन जातींची असतात, हे इथे स्वच्छ दिसते. एक जात जेत्याकडे जाते, दुसरी पराभूताजवळ राहते. पहिलीचे आयुष्य मोठे असते, कारण जेते येतच राहतात. दुसरी टिकते ती घरातल्या माणसांच्या जिवावर.

नांदेड जिल्ह्यात या कथेची दुसरी बाजू आहे. रट्टांच्या परंपरेत कृष्णराजाला कंधारपुराचाही अधीश्वर म्हटले आहे. कंधार हे नुसते नावापुरते नगर नव्हे. तिथे सापडलेल्या राष्ट्रकूटकालीन शिलालेखात देवळांची आणि त्यांना दिलेल्या दानांची यादी आहे, जगत्तुंगसमुद्र या तलावाचा उल्लेख आहे. तो तलाव आजही गावाला जगत्तुंग म्हणूनच माहीत आहे. प्रचंड क्षेत्रपालाच्या मूर्तीचे भग्न अवयवही तिथे मिळाले. एका बिरुदातले नगर केवळ नाद आहे आणि दुसऱ्यातले नगर पाणी, दगड आणि दानपत्रांसह आपल्यासमोर उभे आहे. दोन्ही एकाच घराण्याच्या स्मरणात शेजारी नांदत होती. नांदेडजवळच्या अर्धापूरच्या शिलालेखात तर रट्ट कुळातला बल्लाळ नावाचा राजा भेटतो. म्हणजे हे कुळनाव दक्षिणेकडे गेले तसे गोदाकाठच्या मुलखातही राहिले. श्रीनिवास रित्ती आणि जी. सी. शेळके यांनी 1968 साली नांदेड जिल्ह्यातले कोरीव लेख एकत्र केले, तेव्हा कुठे हे सगळे आपल्याला सलग वाचता आले.

लातूरचे शेजारी गाव तेर, प्राचीन तगर, याचीही हीच गत. ग्रीक लेखकांना ठाऊक असलेली ही बाजारपेठ मध्ययुगात कोकण आणि कोल्हापूरच्या शिलाहारांच्या बिरुदात जाऊन बसली: तगरपुरवराधीश्वर. कदंब बनवासीचे नाव लावत, यादव थेट द्वारावतीचे, कल्याणीचे कलचुरी कालंजराचे. दक्षिणेतली जवळजवळ सगळी मोठी घराणी कुठल्या तरी दूरच्या नगराची धनी होती. या पंगतीत मराठवाड्याच्या दोन गावांना पान मिळाले, याचा अभिमान वाटावा. द्वारावती पुराणातली, कालंजर दूर विंध्यातले. लातूर आणि तेर मात्र साधी, चालतीबोलती, व्यापारउदिमाची गावे. पुराणाचा आधार न घेता केवळ 'आम्ही तिथले' म्हणून त्यांची आठवण ठेवली गेली.

दूर इंग्लंडातही असेच घडत होते. 1141 साली सम्राज्ञी मटिल्डाने ऑब्री डी व्हेर याला अर्ल ही पदवी दिली आणि हे घराणे ऑक्सफर्डचे अर्ल म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यांचा वाडा मात्र ऑक्सफर्डला नव्हता. तो एसेक्स परगण्यातल्या हेडिंगहॅमला होता. बापाकडून मुलाकडे, मुलगा नसेल तर भावाकडे किंवा पुतण्याकडे, अशी ही पदवी वीस अर्लांपर्यंत चालली. 1703 साली विसावा अर्ल मुलगा न ठेवता वारला आणि पदवी लयाला गेली. पण तिथे पदवीचे उगमस्थान राजमुकुट. नाव मुकुटाकडे परत जमा होते आणि मुकुट ते दुसऱ्या कोणाला देऊ शकतो. आठच वर्षांनी, 1711 साली, रॉबर्ट हार्लीला ऑक्सफर्डचेच नाव असलेली नवी पदवी मिळाली. तिथे वारस नोंदवहीत शोधतात, हक्काचा दावा लावतात, पंच तो तपासतात. आपल्याकडे लत्तलूरच्या नावाची ना नोंदवही होती, ना ते देणारा मुकुट. ते कोणी बहाल केले नव्हते, त्यामुळे कोणाकडे परत जाणारही नव्हते.

म्हणून त्याचा शेवटही वेगळा आहे. कल्याणीची सत्ता खिळखिळी झाल्यावर रट्टांनी वेणुग्राम, म्हणजे बेळगाव, राजधानी केली. कार्तवीर्य चौथा हा त्यांचा शेवटचा भरभराटीचा राजा. त्याच्या बीचिराज नावाच्या मंत्र्याने 1204 साली बेळगावच्या किल्ल्यात बांधलेली कमल बसदी आजही उभी आहे. तिच्या गर्भगृहासमोरच्या छतातले दगडी कमळ खाली झुकून उमललेले आहे आणि त्या एका कमळासाठी बेळगावला जावे. त्याच्या काळचे बेळगावचे दोन शिलालेख मात्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेले. कार्तवीर्यानंतर लक्ष्मीदेव दुसरा. 1228च्या सुमाराचा सौंदत्तीचा लेख त्याच्या काळचा. त्यात राजगुरू मुनिचंद्राची थोरवी गायली आहे. त्यानंतर रट्टांचा आवाज ऐकू येत नाही. सिंघण यादवाचा सेनापती बीचण दक्षिणेत उतरला होता. 1238 सालच्या हरळहळ्ळीच्या लेखात त्याने नमवलेल्यांची यादी आहे आणि तीत रट्ट आहेत. त्याच सिंघणाने त्याआधी पन्हाळ्याच्या भोज शिलाहाराला बुडवले होते, म्हणजे तगरचे एक घरही यादवांनीच बंद केले. देवगिरीच्या सत्तेखाली आपला सगळा मुलूख आला, पण आपल्या दोन गावांच्या बिरुदांचे धनी त्याच सत्तेने संपवले.

सिंघणाने लत्तलूर बिरुद घेतले नाही. त्याच्याकडे द्वारावती होती. दुसऱ्याचे मूळ घेऊन तो काय करणार? अमोघवर्षाच्या लेखांपासून मोजले तर साडेतीनशेहून अधिक वर्षे ज्याचा पुकारा झाला, ते बिरुद कोणाच्या हाती न लागता संपले. त्याच्या लयाचे मला म्हणूनच दुःख वाटत नाही. त्यात त्याची निष्ठा दिसते. पृथ्वीवल्लभ प्रत्येक जेत्याच्या दारात गेला. लत्तलूरपुरवराधीश्वर ज्यांचा होता त्यांच्याबरोबर गेला.

या बिरुदाचा एक गुण आजच्या वाचकाने मुद्दाम ध्यानात घ्यावा. मराठी मुलखातल्या गावाचे नाव कन्नड लिपीत, कन्नड आणि संस्कृत मजकुरात, आज कर्नाटकात असलेल्या मंदिरांच्या दगडांवर सर्वांत जास्त वेळा कोरले गेले. मांजरा आणि मलप्रभा यांच्यामध्ये तेव्हा भाषेची भिंत नव्हती. राजे, जैन मुनी, व्यापारी, पाथरवट इकडून तिकडे सहज जात. लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतले अनेक जुने लेखही कन्नडच आहेत आणि ते वाचू शकणारी माणसे आपल्याकडे बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. शिकवण्यांसाठी राज्यभरातून मुले लातूरला येतात, नांदेडला विद्यापीठ आहे. त्यातल्या दहा-पाच जणांनी जरी जुनी कन्नड लिपी शिकून घेतली, तरी आपल्या गावांबद्दल दुसऱ्यांनी काय कोरून ठेवले आहे ते आपल्याला मुळातून वाचता येईल. बिरुद चालवायला राजवंश लागतो. वाचायला तो लागत नाही, आणि आता त्याचा वारसा वाचणाऱ्यांकडेच आहे.